अवधाण, गाठ की लसिकाग्रंथी? नेमकं काय म्हणायचं

टिटवी:
परवा भाचीच्या मानेत मागच्या बाजूला दोन बारक्या गाठी हाताला लागल्या. आईला फोनवर म्हटलं "लसिकाग्रंथी सुजल्यात", तर पलीकडे नुसती शांतता. मग म्हटलं "अगं गाठ आलीय मानेत", तर तिने रडायलाच सुरुवात केली. शेवटी आजीने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "अवधाण आलं असेल, पोरीचं डोकं बघ आधी." बघितलं तर डोक्यात उवा, आणि खाजवून खाजवून कानामागे खपल्या धरलेल्या. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आता माझा प्रश्न असा की हा शब्द तुमच्याकडे अजून बोलतात का? माझा मोबाईल तर दर वेळी त्याचं 'अवधान' करून टाकतो.

माणदेशी:
बोलतात की! पायात काटा मोडला, टाच चिरली, नख उपटलं की जांघेत अवधाण येतंच. आमच्याकडे कोण लंगडत आलं की पहिला प्रश्न "अवधाण आलंय का?" आणि लगेच दुसरा "कुठं लागलंय?" मला वाटतं या शब्दाची खरी गंमत हीच आहे, गाठ एकीकडे आणि कारण दुसरीकडे हे त्यात आधीच धरलेलं असतं. 'गाठ' म्हटलं की माणूस गाठीकडेच बघत बसतो.

पेठकर:
गाठ या शब्दाला आपल्याकडे प्लेगचा वास आहे हो. १८९६ ला मुंबईत मांडवीला साथ सुरू झाली, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे कारण काखेत जांघेत गोळे यायचे ते याच ग्रंथी सुजून. तपासणीवाले काखा-जांघा चाचपायचे म्हणून लोक गाठी लपवायचे. सावित्रीबाई फुले गेल्या त्याही प्लेगानेच, १० मार्च १८९७. आईंचं रडू उगाच नाही, आता त्यात कॅन्सरची भर.

चिंचोके:
आमच्यात काखमांजरी म्हणतात. मला झाली होती तेव्हा मावशीने चुना-गूळ लावला, कातडी सोलून निघाली ती वेगळीच 😅

कंपाउंडर:
दवाखान्यात रोज हेच शब्द कानावर पडतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. काखमांजरी म्हणजे खरं तर काखेतलं गळू, अवधाण म्हणजे आतली ग्रंथी सुजणं, लोक दोन्हीला एकच शब्द वापरतात. आणि गळ्याच्या बाबतीत तर नुसता गोंधळ आहे, गालगुंड म्हणजे कानाखालची लाळेची ग्रंथी सुजते ते, गलगंड म्हणजे पुढे थायरॉइड वाढतं ते, आणि गंडमाळा म्हणजे मानेत माळेसारख्या एकाला एक चिकटून गाठी येतात ते, आणि आपल्याकडे गंडमाळा म्हटलं की आधी टीबीच बघायचा. खोकला नाही म्हणून टीबी नाही असं नसतं. गाठीत सुई घालून नमुना काढतात, बहुतेकदा त्यात कळतं. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि साधारण सहा महिने चालतं, मधेच सोडायचं नाही.

आता अवधाण कधी म्हणायचं? जखम, फोड, दाताची कीड, घसा दुखणं, असं काही जवळपास सापडलं, गाठ दुखतेय, मऊ आहे, बोटाखाली सरकते, तर बहुधा अवधाणच, मूळ दुखणं बरं झालं की हळूहळू बसतं. पण कारणच सापडत नाही आणि तरी आपण अवधाण अवधाण म्हणत घरी बसलो तर तो शब्द महागात पडतो. दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, वाढत चाललीय, दगडासारखी टणक आहे, हलत नाही, हासळीच्या हाडाच्या वर आलीय (ती छोटी असली तरी), किंवा सोबत बारीक ताप, रात्री कपडे भिजतील असा घाम, वजन उतरणं, यातलं काहीही असलं तर दाखवा. दुखत नाही म्हणून लोक थांबतात आणि नेमकी न दुखणारीच जास्त तपासावी लागते. आणि जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, गाठीवरची कातडी लाल गरम झाली, सणसणून ताप आला तर त्याच दिवशी जा. श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल तर रात्र असली तरी थांबू नका. चोळणं, बिब्बा घालणं, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेणं यातलं काही करू नका. चुना तर नकोच, चिंचोकेंना विचारा.

माणदेशी:
आणि लसिका हा शब्द 'लस' वरून का?

कंपाउंडर:
खरचटल्यावर पाण्यासारखं पाझरतं त्याला आपण लस वाहते म्हणतोच की, तेच नातं. देवी टोचायची लसही आधी फोडातला द्रवच होता. गंमत म्हणजे कोविडची लस घेतल्यावर बऱ्याच जणांच्या त्याच बाजूच्या काखेत ग्रंथी सुजली होती, म्हणजे लसीने लसिकाग्रंथी सुजली! बाळांना डाव्या दंडावर बीसीजी देतात तेव्हाही कधी कधी डाव्या काखेत छोटी गाठ येते, बहुतेक वेळा आपोआप जाते, मोठी झाली किंवा पू झाला तर दाखवायची.

टिटवी:
भारी माहिती. भाचीच्या उवा गेल्या, खपल्याही गेल्या, गाठ मात्र अजून लागते हाताला. डॉक्टर म्हणाले लहान मुलांत अशी बारकी गाठ कधी कधी बरेच दिवस राहते, वाढली तर या. आजी रोज चाचपून आकार सांगते. आधी वाटाण्याएवढी होती, काल हरभऱ्याएवढी, आज म्हणाली मुगाएवढी.