सिकलसेलमुळे रजा घेतली, आता एचआर राजीनामा मागून राहिला, काय करू?

बी_शिफ्टवाला
नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत पॅकिंग लाईनवर ऑपरेटर आहे, ६ वर्षं झाली, परमनंट, पगार १९ हजार, ईएसआय (कामगार विमा) कटते. मला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यातला एसएस पॅटर्न म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. मे २०२४ मध्ये त्या उन्हात क्रायसिस (दुखण्याचा जोराचा झटका) आला, सांधे अन् छाती इतकी दुखली का उभं राहता येईना, ९ दिवस ॲडमिट, रक्त चढवलं, मग डॉक्टरनं ३ आठवडे आराम सांगितला. व्हॉट्सॲपवर कळवलं, सर्टिफिकेट दिलं. परत आलो तर लाईनवरून काढून बॉयलरजवळ लोडिंगला टाकलं, म्हणजे जिथं गरमी जास्त तिथंच. काल एचआर म्हणे आजार लपवून जॉइन झाला, राजीनामा दे नाहीतर टर्मिनेट करू, मग रिलीव्हिंग लेटर भेटणार नाही. देऊन टाकू का? घरी सांगितलं नाही अजून.

वर्धा_रोड
सही करू नको भाऊ, बस. टर्मिनेट केलं तर भांडता येते, पण आपल्या हातानं लिहिलेला राजीनामा जबरदस्तीनं घेतला हे तुलाच सिद्ध करत बसावं लागते. आज रात्रीच एचआरला मेल टाक, काल काय बोलणं झालं, कोण हजर होतं, बॉयलरजवळ कधीपासून टाकलं, सगळं तारखेनिशी.

पेपरवाली_ताई
सर्टिफिकेट ईएसआय दवाखान्याचं आहे का प्रायव्हेटचं? सिकनेस बेनिफिटसाठी (आजारपणात ईएसआयकडून भेटणारे पैसे) ईएसआयच्याच डॉक्टरचं लागते, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. तो बेनिफिट चालू असताना काढता येत नव्हतं, १९४८ च्या ईएसआय कायद्याचं कलम ७३, पण नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. प्रायव्हेटचं असेल तरी डिस्चार्ज पेपर घेऊन जाऊन विचारा, मान्य करणं न करणं त्यांच्या हातात असते.

ऑरेंज_सिटी
अरे सिकलसेल आता दिव्यांग कायद्यात आहे बे, काढताच येत नाही!

कोर्टाची_पायरी
अर्धंच बरोबर. २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, पण नोकरीवरून काढायचं नाही हे कलम २० सरकारी आस्थापनेसाठी आहे. प्रायव्हेटला भेदभाव करू नये हे कलम ३ लागते, अन् समान संधी धोरण ठेवावं लागते, तक्रार पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाते. पण तुमचा खरा रस्ता कामगार कायद्याचा, ऑपरेटर आहात म्हणजे कायद्याच्या भाषेत कामगार. काढलंच तर अनफेअर लेबर प्रॅक्टिसची (कामगाराशी अनुचित वागल्याची) तक्रार ९० दिवसांत टाका, ही मुदत हातची जाऊ देऊ नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सिव्हिल लाईन्सच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, कामगाराला तिथं वकील फुकट भेटतो.

एचआर_मध्ये_१२_वर्षं
आमच्या बाजूनंही ऐका, सतत गैरहजेरीचा रेकॉर्ड दाखवून कंपनी काढू पाहते, म्हणून रजेचा अर्ज लेखी असलेला बरा, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉटही ठेवा. बाकी जॉइनिंगच्या फॉर्मवर आजाराचा रकाना होता का, तेवढं आठवून सांगा.

बी_शिफ्टवाला
रकाना नव्हता, मेडिकल टेस्ट तर त्यांच्याच डॉक्टरनं केली होती. सर्टिफिकेट मात्र प्रायव्हेट आहे, उद्या शिफ्टच्या आधी सोमवारी पेठच्या ईएसआयला जाऊन विचारतो. मेल टाकला आत्ताच, मराठीतच लिहिला. बायकोलाही सांगितलं, ती म्हणते मी येते सोबत.