मदत हवी आहे: शिसं मुरलेल्या जमिनीत ह्युमिक सोडू का?

नमस्कार मंडळी,

आमच्या २० गुंठ्यांच्या बांधाला लागून पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. आई तिथे पालक-मेथी करते आणि घरात दीड वर्षाची भाची आहे, म्हणून यंदा माती तपासली. शिसं किलोमागे ४१० मिलिग्रॅम, सामू (pH) ८.१.

दुकानदार म्हणतो, पोटॅशियम ह्युमेट (ह्युमिक आम्लाचा विरघळणारा क्षार) एकरी २ किलो ठिबकमधून सोडा, शिसं धरून ठेवतं. वाचलं तर तथ्य आहे: ह्युमिक आम्लातले कार्बोक्सिल आणि फिनॉलिक गट शिसं, तांबं घट्ट पकडतात, कॅडमियम, जस्त तितकं नाही. पण हिशेब मांडला आणि गडबडलो. अर्ध्या एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ४५० टन, म्हणजे शिसं झालं १८५ किलो! त्याला किलोभर पावडर कुठे पुरणार?

दुसरं, पावडर पाण्यात विरघळते. शिशाला घेऊनच ती विहिरीत उतरली तर?

प्रतिसाद १
हिशेब बरोबर. दुकानातली मात्रा मुळांच्या वाढीसाठी असते. विहिरीची शंकाही रास्त आहे. ह्युमिक हे आम्लधर्मी पाण्यात साकळतं, त्याच्याच जातीचं फल्विक आम्ल मात्र कुठल्याही सामूला विरघळतं आणि धातू सोबत नेऊ शकतं. ते मिसळलेला माल घेऊच नका. त्यापेक्षा पूर्ण कुजलेलं शेणखत गाड्यांनी घाला, त्यातला ह्युमस मातीला धरून राहतो. एकूण शिसं मात्र अहवालात तेवढंच दिसेल, कारण ते जात नाही, फक्त बांधलं जातं. फरक बघायचा तर आधी आणि नंतर डीटीपीए अर्कातलं (म्हणजे झाडाला सहज मिळू शकणारं) शिसं मोजून घ्या.

प्रतिसाद २
ह्युमिकचं नंतर बघा हो. शिसं मुळातून पानात फारसं चढत नाही, पानाला चिकटलेल्या मातीतून आणि धुळीतून पोटात जातं. पालेभाजी, मुळा, गाजर बंद. टोमॅटो, वांगी त्यामानाने बरी. बाळाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, आणि तिला त्या मातीत खेळू देऊ नका.

धागाकर्ता
धन्यवाद. पालक काल उपटला, आई अजून बोलत नाहीये. रक्त उद्या देतोय. विहिरीच्या पाण्याचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत नेला तर चालतो का?