मदत हवी आहे: दहा वर्षांच्या नियमामुळे आरव्ही पार्क आमची जागा देत नाहीये, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

शुभदा_आ
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या पार्कचं पत्र आलंय. पुढच्या उन्हाळ्यापासून दहा वर्षांहून जुनी आरव्ही, म्हणजे राहायची गाडी, चालणार नाही म्हणे. आमची २०१३ ची आहे. रिटायर झाल्यापासून सात उन्हाळे आम्ही तिथेच काढलेत. यंदा मालक बदलले. आधीच्या मालकांनी गाडीचं वर्ष कधी विचारलंसुद्धा नव्हतं. शुक्रवारपर्यंत कळवलं नाही तर आमची जागा वेटिंग लिस्टवरच्यांना देणार आहेत. नवीन गाडी घेणं आता परवडणारं नाही. त्यांना असं करता येतं का? अनुभव असेल त्यांनी कृपया लगेच लिहा.

रानवाट
राज्य कुठलं? गाडी म्हणजे स्वतः चालणारी मोटरहोम की ओढायचा ट्रेलर? जागा सीझनची की वर्षभराची? पत्रातले नेमके शब्द काय आहेत? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

बापू_ओहायो
तुम्ही दोघं ६२ किंवा त्याहून मोठे असाल आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल, तर नॅशनल पार्कचा सीनियर पास आधी काढा. ८० डॉलर एकदाच, जन्मभर चालतो. बऱ्याच सरकारी कॅम्पग्राऊंडवर भाडंही अर्धं होतं. आम्ही अकरा राज्यं त्या पासावर पाहिली. एकाच पार्कात सात उन्हाळे कशासाठी?

शुभदा_आ
बापूकाका, पास आहे आमच्याकडे. पण बहुतेक सरकारी कॅम्पग्राऊंडवर दोन आठवड्यांच्या वर राहू देत नाहीत. आम्हाला मे ते ऑक्टोबर राहायचं असतं.

रानवाट, मिशिगन, ट्रॅव्हर्स सिटीच्या जवळ. फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकला जोडून ओढायचा ट्रेलर, ३२ फूट, दोन स्लाईड (बाहेर सरकणारे भाग). सीझनल साईट. आमचं घर ॲरिझोनात, फिनिक्सला.

एकाच पार्कात का, तेही सांगते. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता. शेजारीण फोनवर सांगायची, दाराची कडी हाताला भाजते. तेव्हा आम्ही तळ्याकाठी रात्री साडेनऊच्या उजेडात खुर्च्या टाकून बसलेलो. जुलैत तिथल्या आंबट चेरी येतात, त्यांचा मी मेथांबा करते, अगदी कैरीसारखा होतो. गणपती गाडीतल्या जेवणाच्या टेबलावर बसतो. यंदा आरतीला पंधरा माणसं होती, इंडियाना आणि ओहायोची, टाळ्यांचा ठेका सगळ्यांना पाठ. मुलगा म्हणतो सोडून द्या, दुसरीकडे जा. ही माणसं दुसरीकडे कुठून आणू?

चाकावरचं_घर
ताई, धीर सोडू नका. दहा वर्षांचा नियम हा सरकारी कायदा नाही, पार्कवाले आपापला ठरवतात. लोक मोडकी गाडी जागेवर टाकून निघून जातात, मग ती हलवायचा खर्च पार्कवर पडतो. शिवाय पार्क चकचकीत दिसायला हवं असतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी खरा प्रश्न वयाचा नसतो, गाडी कशी दिसते याचा असतो. आमची मोटरहोम २००९ ची आहे. बुकिंगच्या आधीच फोटो पाठवते, आजवर एकदाच नकार आला. छताचं सील, पडदे, उडालेले स्टिकर, टायर, एवढं नीट असलं की झालं. उडालेले स्टिकर हीट गनने काढून टाका, गाडी पाच वर्षांनी लहान दिसते.

मिहीर_डॅलस
फोटोबिटो पाठवून वर्ष-दोन वर्षं निघतील, पुढे काय? पार्क मॉडेल, म्हणजे एका जागी ठेवायचं छोटं तयार घर, घ्या आणि मोकळे व्हा. ४०० चौरस फुटांपर्यंत मिळतं, खरा फ्रीज, नीट बाथरूम, आतमध्ये सरळ चालता येतं. आईबाबांसाठी आम्ही तेच घेतलं. फिफ्थ व्हीलमध्ये बेडरूमला पायऱ्या चढून जावं लागतं, सत्तरीत कशाला ते?

चाकावरचं_घर
मिहीर, ताई म्हणतायत परवडणार नाही आणि तुम्ही सर्वांत महाग उपाय सांगताय. पार्क मॉडेल साधारण बारा फूट रुंद असतं, पिकअपने ओढून नेता येत नाही. परमिट काढून ट्रान्सपोर्टवाल्याकडून हलवावं लागतं. उद्या मालक पुन्हा बदलले तर आजच्यापेक्षा जास्त अडकतील.

मिहीर_डॅलस
आज अडकलेलेच आहेत ना? पार्क मॉडेलचं वय निदान कोणी इतक्या लवकर काढत नाही.

रानवाट
तुम्ही दोघं भांडत बसाल आणि शुक्रवार येईल. शुभदाताई, हातात दुसरा पर्याय असला की बोलणी सोपी होतात. त्याच भागातल्या दोन-तीन पार्कांना फोन करून ठेवा. नाहीच जमलं तर मे महिन्यात ट्रक जोडून वीस मैलांवर न्यायची, माणसं भेटत राहतील.

शुभदा_आ
ट्रक नाहीये. २०२१ मध्ये यांची बायपास झाली, तेव्हा विकला. गाडी हिवाळ्यातही त्याच साईटवर असते. आम्ही कारने जातो-येतो, चार दिवस मुक्काम करत. म्हणून तर एवढी घाई!

रानवाट
ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. सगळं गणितच बदललं. गाडी जागेवर आहे, ओढायला ट्रक नाही आणि पार्क हिवाळ्यापुरतं बंद. करारात गाडी कधीपर्यंत हलवायची, साईटवर काही बांधलं असेल तर ते कुणाचं, हे काय लिहिलंय? डेक आहे का?

शुभदा_आ
डेक आहे, १० बाय १६. यांनी आणि शेजारच्या गृहस्थांनी मिळून बांधला. करारात शोधते.

कोकणकन्या_एझेड
मीही फिनिक्सचीच. दोन हजार मैल जायचंच कशाला? फ्लॅगस्टाफ दोन-अडीच तासांवर आहे, उन्हाळाभर छान गार असतं, देवदारासारखी झाडं. आमचा अर्धा ग्रुप तिकडेच असतो. गणपतीला मराठी माणसंही मिळतील.

चाकावरचं_घर
फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे. बायपास झालेल्या माणसाला पाच महिने तिथे राहायला सांगण्याआधी डॉक्टरला विचारायला हवं.

कोकणकन्या_एझेड
माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यांना काही झालं नाही.

बापू_ओहायो
बायपासचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पार्कापेक्षा हे महत्त्वाचं. तुमचं मेडिकेअर ॲडव्हान्टेज, म्हणजे सरकारी मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीचा प्लॅन, असेल तर नेटवर्क फिनिक्सचं असणार. मिशिगनमध्ये इमर्जन्सी चालते, पण साध्या कार्डिओलॉजी तपासणीला बऱ्याचदा अडवतात. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर बहुतेक प्लॅनमधून नावही काढतात. ७ डिसेंबरपर्यंत बदलायची मुदत आहे. मूळ मेडिकेअरवर यायचं तर आधी मेडिगॅप (वरचा खर्च भरणारा पूरक विमा) मिळतंय का विचारा, आजार असलेल्यांना नाकारू शकतात.

शुभदा_आ
बापूकाका, नाव काढतात हे मला ठाऊक नव्हतं. यांची दर तीन महिन्यांची तपासणी आम्ही परत येईपर्यंत पुढे ढकलत होतो, त्याचं कारण ते नेटवर्कच. आजच प्लॅनवाल्यांना फोन करते.

रानवाट, पत्र पुन्हा वाचलं. ओळ अशी आहे: दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना "व्यवस्थापनाच्या लेखी मान्यतेशिवाय" सीझनल जागा मिळणार नाही. डेकबद्दल करारात चकार शब्द नाही.

रानवाट
मग "चालणार नाही" कुठे म्हटलंय? मान्यता मागायची आहे, एवढंच. फोन करू नका, आज ईमेल लिहा. सात वर्षं भाडं एकदाही चुकलं नाही, तक्रार नाही, गाडी त्यांच्या माणसाने येऊन बघावी, आणि जे दुरुस्त करायला सांगतील ते मे महिन्याच्या आत करून देऊ. कायदा, हक्क वगैरे शब्द घालू नका. नवे मालक आहेत, त्यांना चांगले भाडेकरू टिकवायचेच असतात.

मिहीर_डॅलस
आणि ॲडव्हान्स भरू नका, लेखी मान्यता येईपर्यंत.

चाकावरचं_घर
हे मात्र मिहीरचं अगदी बरोबर.

शुभदा_आ
सगळ्यांना कळवते. ईमेल मंगळवारी पाठवला, काल उत्तर आलं. चारही बाजू, छत आणि टायरचे फोटो मागितलेत, मुदत पुढच्या बुधवारपर्यंत वाढवली. पलीकडच्या साईटवरचे गृहस्थ तिथेच गावात राहतात, ते आज शिडी घेऊन गेले आणि फोटो पाठवले. छत बरं आहे, पण मागच्या व्हेंटभोवतीचं सील तडकलंय. तिथलाच एक जागेवर येऊन आरव्ही दुरुस्त करणारा टेक्निशियन बर्फ पडायच्या आत करून देतो म्हणालाय. स्टिकर उडालेत ते खरं, मे महिन्यात काढू.

टायरवर बारीक अक्षरात डीओटी आणि शेवटी १२१९ असा आकडा दिसतोय. याचा अर्थ काय? तेही पाहतील का?

चाकावरचं_घर
२०१९ चा बारावा आठवडा, तेव्हा बनलेले आहेत. बघणार तर. बदला.

मिहीर_डॅलस
गाडी हलणारच नाहीये तर टायर कशाला बदलायचे?

चाकावरचं_घर
जागेवर उभे राहूनच टायर जास्त खराब होतात, कडेला चिरा पडतात. आणि उद्या हलवायची वेळ आलीच तर ट्रान्सपोर्टवाला या टायरांवर हात लावणार नाही.

शुभदा_आ
बदलते. चारही ना?

चाकावरचं_घर
चारही. आणि स्पेअरवरचा आकडाही बघायला सांगा.