मक्याच्या पिठाची टॉर्टिया तुटते, नेमकं काय चुकतंय?

प्रश्न: मेक्सिकन स्वयंपाकाची सुरुवात टॉर्टियापासून, म्हणजे तिथल्या मक्याच्या पातळ भाकरीपासून करायची आहे. साधं मक्याचं पीठ गरम पाण्यात मळलं तरी कडा फाटतात, तव्यावर फुगत तर नाहीच. पीठ बदलायचं की पद्धत?

उत्तर १: पीठच बदला. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याला निश्तमाल म्हणतात. १ किलो वाळलेला मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खाण्याचा चुना. मंद आचेवर ३०-४० मिनिटं, मग रात्रभर त्याच पाण्यात मुरू द्या. दाणा चोळल्यावर साल सुटायला हवी, पण आत तो किंचित कच्चा राहू दे. फार शिजला की पीठ चिकट होतं. चुन्यामुळे पीठ बांधलं जातं, शिवाय मक्यातलं नायासिन (ब-३ जीवनसत्त्व) अंगी लागतं. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, चुना त्याला खातो.

उत्तर २: असा मुरलेला मका धुऊन ओलाच वाटा, त्या ओल्या पिठाला स्पॅनिशमध्ये ‘मासा’ म्हणतात. गोळी दाबून बघा: कड चिरली तर चमचाभर पाणी घाला, हाताला चिकटली तर पाणी जास्त झालंय. ३० ग्रॅमचा गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत दाबा. कोमाल, म्हणजे तिथला तवा, चांगला तापलेला हवा. पहिली बाजू २०-३० सेकंद, दुसरी मिनिटभर, परत उलटली की फुगते. लगेच कापडात गुंडाळून १० मिनिटं ठेवा. लवचीकपणा त्या वाफेतच येतो.

प्रश्नकर्ता: तयार पीठ चालेल?

उत्तर १: मासा आरिना चालेल, ते निश्तमालचंच वाळवलेलं पीठ असतं. कॉर्नफ्लोअर मात्र नाही, तो नुसता स्टार्च.