पगाराला एकच व्हाउचर पुरे? नाही पुरत!

जर्नलवाली
परवा इथे एका सभासदाने लिहिलं होतं: "संस्थेत चार माणसं. पगार गेला की टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक पेमेंट व्हाउचर मारा, हातात दिली ती रक्कम पगार खर्च नावे (डेबिट), बँक जमा (क्रेडिट), विषय संपला. बाकी जर्नल, देय, कपात ही सगळी सीएंची दुकानदारी." त्याला भराभर लाइक पडले. गप्प बसणार होते, पण लाइक देणाऱ्यांत आमचेच माजी खजिनदार दिसले. मग राहवलं नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका छोट्या वाचनालयाचे हिशेब मी बघते. सेविकेचा पगार १४,०००. मुलीच्या लग्नाला २४,००० उचल घेतलेली, महिन्याला २,००० कापायचे. व्यवसायकर २००. हातात ११,८००. खजिनदारांनी बारा महिने ११,८००च खर्चाला टाकले. बाईंची उचल फिटली, पुस्तकात मात्र २४,००० तसेच उभे. नवे सचिव आले, ताळेबंद बघितला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, पैसे कधी देताय?"

मावशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवीतून गेल्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आल्या. प्रत्येक एक तारखेच्या चौकटीत "२००० कापले" आणि खाली खजिनदारांची सही. दर महिन्याला घेऊन ठेवलेली. संस्थेचा खरा हिशेब त्या खिळ्याला लटकत होता.

महिनाअखेरीला टॅलीत एफ७, म्हणजे जर्नल व्हाउचर: पगार खर्च १४,००० नावे, उचल २,०००, व्यवसायकर देय २००, पगार देय ११,८०० जमा. पैसे गेले की एफ५, म्हणजे पेमेंट. चार माणसांना किती वेळ लागतो हो?

एकच_व्हाउचर
तो सभासद मीच. मावशींची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण तो खजिनदाराचा गाढवपणा, माझ्या पद्धतीचा नाही. एकाच पेमेंट व्हाउचरमध्ये १४,००० नावे टाकून उचल, कर आणि बँक तिन्ही जमा करता येतात. टॅली अडवत नाही.

आणि ट्रस्टवाल्यांनी देय-देय फार करू नये. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आयकरासाठी ट्रस्टने प्रत्यक्ष दिलेला पैसाच उत्पन्नाचा वापर म्हणून धरतात. मार्चचा पगार एप्रिलात दिलात तर तो पुढच्या वर्षात. मग ३१ मार्चला देय दाखवून कुणाला ओवाळणार?

जर्नलवाली
परवा "हातात दिली ती रक्कम" होतं, आज तिन्ही जमा झाले. प्रगती आहे. वापर रिटर्नसाठी मोजतात. मार्चचं काम करून घेतलंय आणि पैसे द्यायचे आहेत, हे पुस्तकात नको का दिसायला?

मकरपुरा_शेड
ट्रस्टचं मला कळत नाही, माझी जीआयडीसीत छोटी शेड आहे, २२ माणसं. (चार माणसांना पीएफ लागत नाही, २० लागतात, हे सांगायला कुणी येऊ नका.) आमच्याकडेही निव्वळ पगाराचीच नोंद व्हायची. 'पीएफ देय' नावाचं खातंच नाही, तर पीएफ भरायची १५ तारीख कुणाच्या डोळ्यांवर येणार? दोन महिने कामगारांचा १२ टक्के हिस्सा उशिरा भरला. मालकाचा हिस्सा रिटर्नच्या तारखेपर्यंत भरला तरी आयकरात वजावट मिळायची; कामगाराचा हिस्सा मुदतीनंतर गेला की तेव्हा मिळत नसे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला होता. माझी वजावट गेली ती गेलीच. चूक माझीच, अकाउंटंटवर ओरडून मोकळा झालो तरी.

रोजमेळ_७४
टॅली, एफ५, एफ७... अहो, पगारपत्रकावर सही घेता का आधी? पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर आडवी सही, ही आमची शिस्त. त्या मावशींना कॅलेंडर घेऊन यायची वेळच आली नसती.

अवांतर: जर्नलवालीबाईंनी 'उचल' लिहिलं, बरं वाटलं. आमच्या मंडळात अकाउंटचा मुलगा उचलीच्या लेजरला (खात्याला) 'उपाड' हे गुजराती नाव देतो. बडोद्याच्या मराठी संस्थेत!

वाडीची_सून
काका, उपाडला काय झालं? माझे सासरे अस्खलित मराठी बोलतात आणि पगाराआधी पैसे हवे असले की "उपाड घेतो"च म्हणतात. पुण्याची मराठी इथे कशाला आणायची?

रोजमेळ_७४
पुण्याची? सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेक भाषांमधला कोश काढला तो काय पुण्यात? भाषेची जेवढी कळकळ या गादीला होती तेवढी तुम्हा लोकांना असती तर...

वाडीची_सून
"तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाला? लग्न होऊन गुजराती शेजारात आले म्हणून? महाराजांनी गुजराती आणि मराठी शब्द शेजारीशेजारी छापले, एकाने दुसऱ्याला हाकलावं म्हणून नाही. शेवउसळ खाताना चालतं, लेजरमध्ये आलं की बाटलं!

रोजमेळ_७४
शेवउसळीचा इथे काय संबंध?

मकरपुरा_शेड
पीएफचं कुणाला काही विचारायचं नाहीये का?

एकच_व्हाउचर
साहेब, तुमचा पीएफ शेवउसळीखाली गेला. काका, रागावू नका, पण तुमच्या मंडळाचं काम मीही पाहिलंय. तिथे 'उचल' आणि 'उपाड' अशी दोन्ही खाती आहेत. पैसे दिले ते तुम्ही 'उचल'मध्ये नावे टाकले, कापले ते त्या मुलाने 'उपाड'मध्ये जमा केले. त्याच शिपायाचे एकीकडे ६,००० येणे, दुसरीकडे ६,००० देणे.

रोजमेळ_७४
तरी म्हणत होतो एकच शब्द ठेवा.

वाडीची_सून
ठेवा ना. उपाड.

जर्नलवाली
मूळ प्रश्नावर येऊ या का? एकच_व्हाउचर, तुमच्या तिन्ही-जमा व्हाउचरला माझी हरकत नाही, पगार महिन्याच्या आतच देत असाल तर. हे मी नाखुशीने लिहितेय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एकच_व्हाउचर
काढला. आम्ही पगार सात तारखेला देतो.

जर्नलवाली
मग मार्चच्या व्यवसायकराचे २०० महापालिकेला द्यायचे आहेत हे ३१ तारखेला कुठे दिसतं तुमच्याकडे?

एकच_व्हाउचर
...बघून सांगतो. मार्चपुरतं एफ७ दाबेन म्हणतो. फक्त मार्चपुरतं.