कांद्याचा लेख, 'ती एक चूक' आणि मथळ्यावरून भांडण

शिवारातून:
एका शेती पोर्टलला लेख दिला होता. उन्हाळ कांदा चाळीत (म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) भरायच्या आधी काय काळजी घ्यावी, एवढाच विषय. मी दिलेला मथळा: 'उन्हाळ कांद्याची साठवणूक: चाळीत भरण्यापूर्वीची तयारी'. प्रसिद्ध झाला तो असा: 'तुमचाही कांदा चाळीत सडतोय? ९० टक्के शेतकरी करतात ही एक चूक!'

९० टक्के हा आकडा माझ्या लेखात कुठेही नाही. 'ती एक चूक' आहे, पण सातव्या परिच्छेदात: पात कांद्याला घासून कापू नका, बोटभर मान ठेवा. मान नीट सुकली की तोंड मिटतं आणि बुरशीला आत शिरायला वाट राहत नाही. सातव्या परिच्छेदापर्यंत पोचायला तीन जाहिराती ओलांडाव्या लागतात. खाली पहिलीच प्रतिक्रिया: 'ताई, चूक कोणती ते सांगा की, किती फिरवताय!' शिव्या मला, वाचकसंख्या त्यांना.

माझं मत सरळ आहे. दुकानावर 'किराणा' लिहिलंय तर आत किराणाच असावा. मथळ्यात प्रश्न, 'एक चूक', 'थक्क व्हाल', 'वाचा सविस्तर' हे सगळं बंद व्हायला हवं. पटतंय का?

क्लिकमास्तर:
नाही पटत. मी अशाच एका ठिकाणी मथळे करायचं काम करतो, त्यामुळे आधीच गुन्हा कबूल. ९० टक्के मनानं घालणं ही लबाडीच, तिची बाजू घेणार नाही.

पण तुमचा मथळा? 'साठवणूक', 'भरण्यापूर्वीची तयारी'. कृषी मेळाव्यात वाटतात त्या घडीपत्रिकेवर हेच लिहिलेलं असतं आणि लोक ती घडीपत्रिका भेळ खायला वापरतात. त्यात माणूस नाही, नुकसान नाही, काही नाही. प्रश्न टाकला म्हणून इतकं काय बिघडलं? 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा १८९७ चा आहे आणि आजही लोकांना पाठ आहे. टिळकांनी 'प्लेग व तदनुषंगिक प्रशासकीय उपाययोजना' असं लिहिलं असतं तर?

आणि ताई, लेख वाचला मी. सुरुवात अशी आहे: 'कांदा हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे नगदी पीक असून दैनंदिन आहारात त्याला अनन्यसाधारण स्थान आहे.' हे कुणाला सांगताय? लासलगावच्या माणसाला? तुमची चूक सातव्या परिच्छेदात आमच्यामुळे गेली नाही, ती तिथेच होती.

चकली_वन:
'अनन्यसाधारण' 😂 हा शब्द निबंधाबाहेर कधी दिसला नव्हता. पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

शिवारातून:
सुरुवातीबद्दलचा वार बसला. शाळेत निबंध असाच सुरू करायला शिकवलं होतं, तो हात अजून वळत नाही. पण म्हणून ९० टक्के माफ होत नाहीत.

जुना_जुळारी:
छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून चार ओळी.

टिळकांचं नाव अशा वादात नेहमी ओढलं जातं आणि नेहमी अर्धवट. तो अग्रलेख ६ जुलै १८९७ च्या 'केसरी'तला. रँडवर २२ जूनला गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर पुण्यावर जी दडपशाही सुरू झाली, तिच्याबद्दलचा. वाचणाऱ्याच्या दारातच ते चाललेलं होतं. मथळा त्याच्यापासून काही लपवत नव्हता, उलट त्याच्या मनातलं मोठ्यानं बोलत होता.

(अवांतर: त्या वर्षीची टिळकांची शिक्षा या मथळ्यामुळे झाली असं पुष्कळांना वाटतं. खटला १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर होता.)

कोडबोले:
गंमत बघा. इयन बेटरिज नावाच्या ब्रिटिश पत्रकारानं २००९ मध्ये एक नियम चर्चेत आणला: ज्या मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, त्याचं उत्तर 'नाही' असंच द्यावं. पत्रकाराला खात्री असती तर त्यानं विधान केलं असतं, प्रश्न कशाला विचारला असता, असा त्यामागचा टोमणा. आता हा नियम टिळकांना लावा. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय? नाही. नियम तंतोतंत बसतो!

जुना_जुळारी:
बसतो, पण उलटा. टिळकांचं 'नाही' वाचकाला मथळ्यावरच कळतं, पुढचा लेख ते 'नाही' कसं ते सांगतो. 'या अभिनेत्रीने सोडला देश?' याचं 'नाही' शेवटच्या ओळीत सापडतं, तोवर तुमचे डोळे विकून झालेले असतात. प्रश्नचिन्ह दोघांकडे सारखंच. म्हणून शिवारातून, प्रश्नचिन्हावर बंदी नको. उत्तर किती दूर लपवलंय ते बघा.

क्लिकमास्तर:
काका, पण तुमच्या काळी अंक विकत घेऊन झाल्यावर मथळा वाचायचे. आमच्याकडे मथळ्यावरच ठरतं की पान उघडायचं की नाही. तमाशात वग सुरू व्हायच्या आधी गण, गवळण, बतावणी होते. तिकीट फाडून माणूस बसलेला असतो म्हणून ते चालतं. आमचा प्रेक्षक तंबूच्या बाहेर उभा आहे आणि शेजारी आणखी वीस तंबू आहेत. ढोलकी जोरात वाजवावीच लागते.

चकली_वन:
ढोलकी वाजवा हो, पण आत गेल्यावर तमाशाच दाखवा, भिशीची स्कीम नको.

निफाडकर:
तुम्ही सगळे लिहिणारे आहात, मी कांदा पिकवणारा आहे. आमच्याकडे लेख व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो. फोटो, त्याखाली मथळा, त्याखाली बारीक अक्षरात दीड ओळ. पुष्कळ जण तेवढंच वाचतात. काढणीच्या दिवसांत मजूर बांधावर उभे असताना कोण उघडून वाचणार?

मग सरळ मथळ्यातच सांगा ना: 'पात घासून कापू नका, मान ठेवा'. उघडलं नाही तरी माझं काम झालं. परवाचा मथळा तीन ग्रुपवर फिरला आणि कुठली चूक ते एकाही ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं. नुसती घबराट. चाळ भरलेल्या माणसाला आता सांगून उपयोग काय, हेही कुणी विचारलं नाही.

क्लिकमास्तर:
दादा, मनापासून सांगतो, असा मथळा दिला तर तुमचा कांदा वाचेल आणि माझी नोकरी जाईल. पान उघडल्याशिवाय जाहिरात दिसत नाही, जाहिरात दिसल्याशिवाय ताईंना मानधन नाही.

निफाडकर:
मग तसं म्हणा. वाचकासाठी करतो असं म्हणू नका.

शिवारातून:
+१. आणि मानधनाचा आकडा इथे सांगितला तर निफाडकरदादा मला एक गोणी पाठवतील.

कोडबोले:
थोडं तांत्रिक, कारण हे भांडण अर्धं टाळता येतं. पानावरचा मथळा, शोधनिकालात दिसणारा मथळा आणि व्हॉट्सॲपच्या कार्डावरचा मथळा हे तिन्ही वेगवेगळे देता येतात. कार्डाखालची ती दीड ओळसुद्धा आपण लिहू शकतो. बहुतेक जण ती रिकामी सोडतात, मग तिथे लेखाचं पहिलं वाक्य येऊन बसतं. म्हणजे ताई, तुमचं 'अनन्यसाधारण स्थान' तीन ग्रुपवर फिरलंय 🙏

शोधासाठी लोक वापरतात तेच शब्द हवेत आणि तेही सुरुवातीला, कारण लांब मथळा मध्येच कापला जातो. 'कांदा सडू नये म्हणून' असं शोधणारे मिळतील, 'साठवणूकपूर्व' शोधणारा मला भेटलेला नाही.

आणखी एक. मथळा जसाच्या तसा देवनागरीत लिंकमध्ये टाकू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, लिंक कॉपी केली की प्रत्येकाची नऊ अक्षरं होतात. एकट्या 'कांदा'ची ४५. पाठवलेली लिंक व्हायरससारखी दिसते.

जुना_जुळारी:
तीन ठिकाणी तीन मथळे? आमच्याकडे एक जुळवतानाच रात्र व्हायची. असो. तीन द्या, पण तिन्ही एकाच लेखाचे वाटू द्या.

शिवारातून:
बरं, बदलून बघते. मथळा: 'कांदा चाळीत सडू नये म्हणून पात कापताना बोटभर मान ठेवा'. आणि पहिलं वाक्य: 'घासून कापलेल्या कांद्याचं तोंड उघडं राहतं आणि सड तिथूनच सुरू होते.' नगदी पीक, आहार, अनन्यसाधारण, सगळं उडवलं. क्लिकमास्तर, चालेल?

क्लिकमास्तर:
पहिलं वाक्य फर्मास. मथळ्यात 'का' ठेवा, म्हणजे उघडायला काहीतरी उरेल: 'पात कापताना बोटभर मान का ठेवायची?' इथे लपवलं काहीच नाही. जुळारीकाकांच्या परीक्षेत पास.

जुना_जुळारी:
पास. काठावर.

निफाडकर:
एक शंका. बोटभर म्हणजे बोटाची रुंदी की लांबी? आमच्याकडचे मजूर लांबी धरतील.

शिवारातून:
अरे देवा. एक इंच.

निफाडकर:
मग एक इंच लिहा की.