शिवोलीत जुनं विवेरियम मिळतंय, कॉर्न स्नेकसाठी घेऊ का? प्लायचं आहे आणि पावसाळा तोंडावर आलाय

पर्वरीचो_झील

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॉर्न स्नेक (बिनविषारी पाळीव साप) आहे, सव्वा वर्षाचा, अडीच फुटांच्या आसपास. आत्ता भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात आहे पण तो डबा आता त्याला पुरत नाही. शिवोलीत एक परदेशी जोडपं घर सोडून चाललंय, त्यांच्याकडे ४ बाय २ बाय २ फुटांचं विवेरियम म्हणजे साप ठेवायची पेटी आहे, प्लायची, पुढे सरकत्या दोन काचा, आतून पांढरं सनमायका. सोबत हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), एक गरम होणारा दगड, थर्मोस्टॅट, बल्बचा होल्डर असं सगळं मिळून साडेसहा हजार म्हणतायत. त्यात त्यांचा बॉल पायथन (छोट्या जातीचा अजगर) होता, तो मित्राला दिला म्हणे. फोटोत छान दिसतंय, फक्त खालच्या एका कोपऱ्यात सनमायका जरा फुगलाय. नवीन बनवायला सुताराला विचारलं तर त्याने आधी "साप? घरात?" केलं आणि मग दुप्पट भाव सांगितला. घेऊ का? घेतलं तर साफ कशाने करू? आई म्हणते फिनेलने पूस.

डिचोलीकर८८

फिनेल नको!! काळं पांढरं कुठलंच नको, डेटॉल पण नको. त्यातली फिनॉलच्या जातीची रसायनं सापाला विषासारखी लागतात आणि लाकडात मुरलेला वास महिनाभर जात नाही. बाकी नंतर लिहितो, ड्युटीवर आहे.

सत्तरीतला_सोबती

दादा, फोटोवर जाऊ नका, टॉर्च घेऊन प्रत्यक्ष जा. आणि भाव करायच्या आधी एकच गोष्ट खोदून विचारा, आतला साप कसा होता? खात होता का, खाल्लेलं ओकायचा का, तोंडातून बुडबुडे फेस असं काही? बारीक होत गेला, सारखं ओकायचा असं कळलं तर फुकट दिलं तरी घेऊ नका, कारण क्रिप्टो नावाचा पोटाचा आजार असतो आणि त्याचे जंतू ब्लीचला पण दाद देत नाहीत, प्लायमधून तर ते निघणं कठीणच. पेटी रिकामी का झाली हे कळल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

दुसरं माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. मिरपुडीएवढे काळे ठिपके असतात, ते काचेच्या पट्टीत, स्क्रूच्या खड्ड्यात, जाळीच्या कडेखाली दडून बसतात. ओला पांढरा टिश्यू त्या फटींतून फिरवा, टिश्यूवर ठिपका हलला किंवा चिरडून लाल झाला तर समजून घ्या. त्यांची अंडी सापावर नसतात तर अशा फटींतच असतात, म्हणून साप गेला तरी पेटी "भरलेली" राहू शकते. मी जुनी पेटी आणली की सगळ्या काचा पट्ट्या सोडवतो, साबणाच्या पाण्याने घासून घेतो, मग एक भाग ब्लीच दहा भाग पाणी असं करून दहा मिनिटं ओलं ठेवतो, चारदा धुतो आणि मे महिन्याच्या उन्हात अंगणात टाकतो. आधी साबण का तर घाणीवर ब्लीच चालत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. त्यानंतर दीड महिना पेटी रिकामी ठेवायची. आणि काही जण गुरांचं गोचिडाचं औषध मारायचा सल्ला देतात तसलं काही करू नका, पेडणे असो की काणकोण, डॉक्टरला विचारल्याशिवाय सापावर काही मारायचं नाही.

फुगलेल्या कोपऱ्याबद्दल, तिथे पाण्याचं भांडं होतं नाहीतर साप तिथेच मुतायचा. सनमायका उचकटून बघा, आत काळं पडलंय का. काळं असेल तर ती बाजू बदलावी लागणार, ते पैसे किमतीतून कमी करा.

माटोळीवाली

कोपरा बिपरा ठीक आहे पण मी सांगते काचांच्या मधली फट बघा आधी. सरकत्या काचा एकमेकींवर येतात ना, तिथे मध्ये चार पाच मिलिमीटर जागा राहते. अडीच फुटी कॉर्न म्हणजे बोटाएवढा, आणि जिथे डोकं गेलं तिथे अख्खा साप गेला. आमचा असाच गेला, तो पण नेमका चवथीच्या आदल्या दिवशी. घरभर शोधला, तांदळाचा डबा हलवला, गॅसच्या मागे बघितलं, नाहीच. दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना काकांनी वर बघितलं तर माटोळीत (गणपतीवर फळं-फुलं टांगतो ती चौकट) सुपारीच्या घडाला विळखा घालून स्वारी बसलेली, केशरी रंगाची, कांगल्यांच्या रानफळांशेजारी इतकी शोभत होती की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग जो गोंधळ झाला तो सांगत नाही. शेजारचा बाप्पा (काका) दांडा घेऊन आला होता, मी मध्ये उभी राहिले म्हणून साप वाचला. आजी मात्र शांत, म्हणाली गणपतीच्या पोटाला नाग असतोच की.

त्या फटीत पारदर्शक रबराची पट्टी किंवा खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनमध्ये घालतात तसला ब्रश बसवा, फॅब्रिकेटरकडे मीटरवर मिळतो. आणि काचेला शोकेसचं कुलूप.

डिचोलीकर८८

आलो. आता खरं सांगू का, त्या साडेसहा हजारात गोव्यातल्या माणसाला सगळ्यात कमी उपयोगाचं तेच सामान आहे जे ते "सोबत" देतायत. इंटरनेटवरचे व्हिडिओ सगळे थंड देशातले, तिथे पेटी उबदार कशी ठेवायची हा प्रश्न, इथे उलटं. कॉर्नला उबदार बाजूला २९ ते ३१ अंश आणि दुसऱ्या बाजूला २४-२५ पुरतं. एप्रिल-मेमध्ये माझ्या खोलीतच ३२ असतं, मॅट दिवसेंदिवस चालूच होत नाही, तेव्हा चिंता असते ती थंड कोपऱ्याची. पश्चिमेच्या भिंतीला पेटी लावू नका, कौलाखाली माळ्यावर तर अजिबात नाही, तळमजल्यावर शहाबादी फरशीजवळ बरं. मॅट लागते ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, त्यातही सत्तरीकडे जास्त.

तो गरम दगड फेकून द्या. एकाच जागी तापतो, सापाला पोटाखालचं भाजणं वेळेवर कळत नाही आणि तो हलत नाही. थर्मोस्टॅट जुना आहे तर साप घालायच्या आधी दोन दिवस वेगळा थर्मामीटर मॅटवर ठेवून ताडून बघा. प्लग दोन पिनांचा असेल तर ॲडॉप्टर लावून चालवू नका, ढिला राहतो आणि ठिणग्या उडतात, पिनच बदलून घ्या. व्होल्टेजची चिठ्ठी पण वाचा, ११० वालं इथे लावलं की संपलं.

हवा खेळती हवी. एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर अशी जाळी पाहिजे म्हणजे गरम हवा वरून निघते आणि खालून ताजी ओढली जाते. यांच्या पेटीत बॉल पायथन होता, त्याला ओल लागते, म्हणून बऱ्याचदा लोक अर्धी जाळी टेपने बंद करतात, ती उघडा. जाळी स्टेनलेस घ्या, साधी लोखंडी आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजते. आणि पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आमच्या आज्या दूध-मासळीच्या कपाटाला ठेवायच्या तशा, मुंग्या लागल्या तर झोपलेल्या सापाला पण सोडत नाहीत.

जून ते सप्टेंबर खाली फक्त वर्तमानपत्र. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा, कोकोपीट वगैरे आपल्याकडे ढिगाने आणि स्वस्त मिळतं पण पावसाळ्यात ते सुकतच नाही, पोटाच्या खवल्यांवर फोड येतात. कात टाकायच्या वेळी एका छोट्या डब्यात ओलं शेवाळ ठेवा, तेवढी ओल पुरे.

सत्तरीतला_सोबती

जोडून सांगतो, आतून उघडं प्लाय राहिलं असेल तर पाण्याच्या पीयू वॉर्निशचे तीन हात आणि सांध्यांना ॲक्वेरियमचं सिलिकॉन, ते बुरशीनाशक घातलेलं बाथरूमवालं नको. आंबूस वास पूर्ण गेल्यावरच साप. म्हणजे आज घेतलं तरी श्रावणाआधी वापरता येईल असं धरू नका.

आणि कुणी विचारायच्या आधी कायद्याचं. रिकामी पेटी घ्यायला काही अडचण नाही. पण बॉल पायथन हा वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या चौथ्या परिशिष्टात येतो, त्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, तेव्हा "साप पण घेऊन जा" म्हणाले तर नोंद बघितल्याशिवाय हात लावू नका. कॉर्न त्या यादीत नाही. आणि डबा रिकामा होईल म्हणून शेतातली दिवड धामण आणून ठेवायचा मोह कुणाला झाला तर आपले साप पाळणं गुन्हा आहे.

पर्वरीचो_झील

देव बरें करूं सगळ्यांचं. आज जाऊन आलो. कोपरा उचकटला, आत काळं होतं पण बोटभरच. टिश्यूवर काही आलं नाही. साप कसा होता विचारलं तर त्यांनी खाण्याच्या तारखांची वहीच काढून दाखवली, दोन वर्षांत एकदाही ओकला नाही. सामान नको म्हटलं तर साडेतीन हजारात पेटी दिली, दगड तरी फुकट घे म्हणत होते. जाळी खरंच टेपने बंद केलेली होती.

आता एकच राहिलं, पेटी पर्वरीला आणायची कशी? रिक्षात बसत नाही आणि टेंपोवाला पेटीत काय ठेवणार विचारतोय.

माटोळीवाली

मासे सांगा.